मिश्री, कर्करोग आणि पेशीतली डागडुजी

तंबाखूचे पान तापलेल्या तव्यावर काळे पडेपर्यंत भाजायचे, चुरगळून त्याची पूड करायची आणि ती डबीत भरून ठेवायची, एवढीच मिश्रीची कृती. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि पुणे जिल्ह्यांत, तसेच तिला मशेरी म्हणणाऱ्या कोकणात, ही पूड पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः बायकांच्या हाती राहिली. नाव दात घासण्याचे. प्रत्यक्षात बोटाने हिरड्यांवर चोळून ती तोंडात बराच वेळ तशीच धरली जाते. सकाळी उठल्यावर एकदा, कामे आवरल्यावर एकदा, रात्री निजण्यापूर्वी पुन्हा. सुरुवात बहुधा दाढदुखीने होते. सासू नाही तर शेजारीण चिमूटभर देते, ठणका थांबतो, आणि मग 'लावल्याशिवाय पोट साफ होत नाही', 'डोके धरते' अशी कारणे जोडली जाऊन मिश्री दिनक्रमात कायमची बसते. त्यामागे काम करत असते ते निकोटीन. पुरुषांकडे त्याच पानाची दुसरी रूपे असतात: चुना लावून तळहातावर मळलेली तंबाखू, बिडी, आणि सुपारीबरोबर विड्यात घातलेली पत्ती.

मिश्रीने तोंडाचा कर्करोग होऊ शकतो, हे आज गावातली आशा सेविकाही सांगते. भाजलेले पान आणि हिरडीतली गाठ यांच्यामध्ये पेशीच्या आत नेमके काय घडते, हे उलगडायला मात्र बराच काळ लागला. त्यातला काही भाग मुंबईत उलगडला, काही अमेरिका-युरोपातल्या प्रयोगशाळांत, आणि एक उशिराचा धागा कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या कराडात.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे तेथील प्रयोगशाळांची जबाबदारी आली. खानोलकरांना कर्करोगाकडे पाहण्याची एक खास दृष्टी होती: सवय शरीराला जिथे घासते, तिथे ते गाठ शोधत. धोतराची गाठ कमरेवर वर्षानुवर्षे घट्ट बसते, तिथल्या कातडीवर होणाऱ्या कर्करोगाकडे त्यांनी लक्ष वेधले. तोंडाच्या बाबतीतही त्यांचा प्रश्न तोच होता. १९४४ मध्ये 'कॅन्सर रिसर्च' या अमेरिकी नियतकालिकात त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांत तुलनेने विरळ असलेला हा रोग इथे इतका का, याचे उत्तर त्यांना लोकांच्या तोंडातल्या वस्तूंत दिसत होते. १९५५ मध्ये एल. डी. संघवी आणि के. सी. राव यांच्यासह त्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तंबाखू ओढणे, तंबाखू चघळणे आणि घशा-तोंडाचा कर्करोग यांचा संबंध मांडला. सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांवरचा इंग्लंडमधला वाद तेव्हा ऐन भरात होता. चघळण्याच्या तंबाखूचा प्रश्न मात्र मुंबईच्या माणसांनीच हाती घ्यायला हवा होता, आणि तो त्यांनी वेळेवर घेतला.

१९५२ मध्ये टाटा रुग्णालयाशेजारी भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. खानोलकर त्याचे पहिले संचालक. या संस्थेचा इतिहास सांगताना एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे: तिच्या पहिल्या दोन पिढ्यांत मराठी स्त्री-शास्त्रज्ञ मोठ्या संख्येने आणि मोठ्या जबाबदारीच्या जागांवर होत्या. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे (माहेरच्या समर्थ) यांनी मुंबई विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली आणि पुढे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम केले. हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गाठीतून वाढवलेल्या 'हेला' पेशी ज्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये प्रथम जिवंत राखल्या गेल्या, तीच ही प्रयोगशाळा. परत आल्यावर रणदिवे यांनी मुंबईत ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली, म्हणजे शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी वाढवण्याची सोय केली. पेशीला नेमकी कोणती इजा होते, हे तपासायला आधी पेशी हाताशी लागते, म्हणून ही घटना महत्त्वाची. सत्यवती सिरसाट यांनी तिथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे काम रुजवले. १९७६ मध्ये रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुपारी आणि तंबाखूच्या कर्कजनकतेवरचे प्राण्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले.

रुग्णालयात येतो तो रोगाचा शेवटचा अंक. आधीचे अंक पाहायचे तर गावातच जावे लागते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाचे फली मेहता आणि कोपनहेगनचे जे. जे. पिंडबोर्ग यांच्या पथकाने ते केले. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत घरोघरी फिरून त्यांनी १,०१,७६१ लोकांची तोंडे तपासली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यातले तोंड कसे असते, याची इतकी मोठी शास्त्रीय नोंद तोवर झालेली नव्हती. मिश्री त्या नोंदीत ठळकपणे आली. गालाच्या आत किंवा हिरडीवर उमटणारा, पुसला न जाणारा पांढरा चट्टा हा कर्करोगाच्या आधीचा टप्पा असू शकतो, आणि तो तंबाखू वापरणाऱ्यांतच प्रामुख्याने आढळतो, हे अशा पाहण्यांनी दाखवले. त्याच परंपरेत एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांतल्या ३६,००० हून अधिक तंबाखू वापरणाऱ्यांवरचा अभ्यास झाला. त्यांना सवय सोडण्यासाठी सातत्याने समजावल्यावर नव्या चट्ट्यांचे प्रमाण घटले, असे १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. म्हणजे इजा थांबली की तोंडाचे अस्तर स्वतःला सावरू शकते. ते कसे सावरते, हा प्रश्न दंतवैद्यांच्या आरशाच्या आवाक्याबाहेरचा होता.

त्याचे उत्तर वेगळ्याच दिशेने येत होते. १९४९ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट केल्नर आणि रेनाटो दुल्बेक्को यांना स्वतंत्रपणे एक विचित्र गोष्ट दिसली. अतिनील किरणांनी मेल्यात जमा झालेले सूक्ष्मजीव साध्या उजेडात ठेवले, तर त्यांतले पुष्कळ पुन्हा जगत होते. डीएनएची दुपदरी रचना तेव्हा माहीतही नव्हती. ती १९५३ मध्ये उलगडली. १९६४ मध्ये रिचर्ड सेटलो, पॉल हॉवर्ड-फ्लँडर्स आणि फिलिप हॅनावॉल्ट यांच्या गटांनी अंधारातही चालणारी दुरुस्ती दाखवली: बिघडलेला तुकडा कापून काढायचा आणि समोरच्या धड पदराकडे पाहून रिकामी जागा भरायची. दोन पदर असण्याचा खरा उपयोग इथे कळतो. एकावरची चूक दुसऱ्याकडे पाहून सुधारता येते.

१९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जेम्स क्लीव्हर यांनी झिरोडर्मा पिग्मेंटोसम या दुर्मिळ आनुवंशिक विकाराच्या रुग्णांच्या त्वचापेशी तपासल्या. या रुग्णांना ऊन सोसत नाही आणि लहान वयातच त्वचेचे कर्करोग होतात. क्लीव्हर यांना आढळले की त्यांच्या पेशींना हीच कापून भरण्याची दुरुस्ती जमत नाही. दुरुस्ती बंद पडली की कर्करोग होतो, याचा माणसातला तो पहिला स्पष्ट पुरावा. स्वीडनमध्ये टॉमस लिंडाल यांनी आणखी मूलभूत गोष्ट पुढे आणली. डीएनए हा अचल, अक्षय दस्तऐवज असल्याचा समज होता. लिंडाल यांनी दाखवले की शरीराच्या उबेत आणि पाण्यात तो आपोआपच झिजत असतो, प्रत्येक पेशीत दिवसाला हजारो ठिकाणी. कुठलेही विष नसतानाही ही झीज चालूच असते. पावसाळ्याआधी घराची कौले चाळावी लागतात. पेशीला ते काम दर क्षणी करावे लागते. झिजलेले एकेक अक्षर उचलून काढणारे पहिले विकर लिंडाल यांनी १९७४ मध्ये जिवाणूत शोधले. त्यांना, पॉल मॉड्रिच यांना आणि अझीझ सान्जार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल या दुरुस्तीच्या शोधांसाठीच मिळाले.

हे ज्ञान आणि मिश्री यांची गाठ पडली ती १९८० च्या दशकात, मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत. १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन केंद्र अणुऊर्जा खात्याच्या छत्राखाली टाटा स्मारक केंद्र म्हणून एकत्र आले होते. तिथे एस. व्ही. भिडे यांच्या गटाने मशेरीला प्रयोगशाळेत आणले. अमेरिकेत ब्रूस एम्स यांनी १९७० च्या दशकात एक स्वस्त आणि चटकन होणारी चाचणी बसवली होती: संशयित पदार्थ जिवाणूंवर घालायचा आणि त्यांच्या डीएनएत किती बदल होतात ते मोजायचे. मशेरीचा अर्क या चाचणीत दोषी ठरला. तंबाखूत असणारी खास नायट्रोसामाइने मशेरीत किती आहेत, हेही जर्मन सहकाऱ्यांबरोबर मोजून १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८८ मध्ये जे. आर. कुलकर्णी, व्ही. एस. ललिता आणि भिडे यांनी मशेरीचे प्राण्यांवरील प्रयोग मांडले. मशेरी पोटात गेलेल्या प्राण्यांच्या जठराच्या पुढच्या भागात गाठी उठल्या. उंदराच्या त्वचेवर मात्र परिणाम क्षीण निघाला, आणि तो क्षीण आहे असे त्यांनी १९८९ च्या लेखाच्या शीर्षकातच लिहिले. एवढ्या सचोटीने लिहिलेले शीर्षक क्वचितच दिसते. घराघरात लावली जाणारी पण पाश्चात्त्य शास्त्राला अनोळखी असलेली वस्तू इतक्या बारकाईने तपासली गेली, हे या गटाचे मोठे काम. मराठी वाचकांना त्याची पुरेशी ओळख नाही.

मिश्रीत आणि तिच्या भावंडांत डीएनएला इजा करणारे घटक अनेक आहेत, आणि प्रत्येक इजेवर पेशीचा कारागीर वेगळा आहे.

पहिला घटक म्हणजे ती नायट्रोसामाइने. पान वाळवताना आणि मुरवताना निकोटीनपासूनच ती तयार होतात. शरीरात त्यांचे रूपांतर झाल्यावर डीएनएतील ग्वानिन या अक्षराला एक छोटासा मिथिल गट चिकटतो. अक्षर मग चुकीचे वाचले जाते: पेशी विभागताना सायटोसिनऐवजी थायमिन समोर येऊन बसते आणि पुढच्या पिढीत चूक कायम होते. ही इजा काढणारे प्रथिन तो मिथिल गट स्वतःच्या अंगावर ओढून घेते आणि त्यातच निकामी होते. एका दुरुस्तीला एक प्रथिन, असा हा हिशेब. इजा फार झाली की साठा संपतो.

दुसरा घटक भाजण्यातून येतो. पान करपते तेव्हा बेन्झोपायरीनसारखी संयुगे तयार होतात; हीच संयुगे बिडी-सिगारेटच्या धुरात असतात. शरीर त्यांना बाहेर टाकण्यासाठी पाण्यात विरघळण्याजोगे करू पाहते, आणि या खटपटीतच त्यांचे एक आक्रमक रूप तयार होऊन ग्वानिनला घट्ट चिकटते. हा अडथळा मोठा असतो. तो काढायला आजूबाजूच्या अक्षरांसकट तुकडा कापावा लागतो, म्हणजे झिरोडर्माच्या रुग्णांना न जमणारीच दुरुस्ती इथे लागते.

तिसरा घटक मिश्रीपेक्षा पानसुपारीत अधिक दिसतो. १९८७ मध्ये ऊर्मिला नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परीक्षानळीत दाखवले की सुपारी आणि चुना एकत्र आले की ऑक्सिजनची आक्रमक रूपे तयार होतात आणि ती डीएनएतील ग्वानिनचे ऑक्सिडीकरण करतात. चुन्याने तोंडातला अल्कधर्मी गुण वाढतो, सुपारीतली पॉलिफेनॉले त्यात भराभर ऑक्सिडीकृत होतात. गंजलेले हे ग्वानिन समोर सायटोसिनऐवजी अ‍ॅडेनिनला बसवू शकते. ते काढण्याची पद्धत लिंडाल यांनी शोधलेल्या पद्धतीच्या जातीची आहे: एक विकर बिघडलेले अक्षर उचलते, दुसरे तिथला कणा कापते, तिसरे नवे अक्षर भरते, चौथे टाका घालते.

या कारागिरांना एकत्र आणणारे एक्सआरसीसी-१ नावाचे प्रथिन आहे. त्याचे जनुक १९९० मध्ये कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथे लॅरी थॉम्प्सन यांच्या गटाने वेगळे काढले. किरणोत्सर्गाने सहज मरणाऱ्या, दुरुस्ती न जमणाऱ्या हॅमस्टरच्या पेशींना माणसाचे कोणते जनुक दिले की त्या सावरतात, अशा शोधातून ते सापडले. हे प्रथिन स्वतः कापत नाही, भरत नाही, शिवत नाही. ऊसतोडीच्या टोळीतल्या मुकादमासारखे ते माणसे जागेवर आणते आणि धरून ठेवते. एक्सआरसीसी-२ आणि एक्सआरसीसी-३ ही त्याच नामावलीतली प्रथिने वेगळ्या कामाची आहेत. डीएनएचे दोन्ही पदर तुटले की समोर पाहायला धड पदरच उरत नाही. अशा वेळी जुळ्या प्रतीवरून मजकूर उतरवून घेण्यात ती मदत करतात.

याच सुमारास मुंबईत रजनी भिसे यांच्या गटाने तंबाखू न खाणाऱ्या-ओढणाऱ्यांकडेही मोर्चा वळवला. बिडी उद्योगातल्या स्त्रियांच्या अंगावर, हातांवर, श्वासात तंबाखू दिवसभर असते. महाराष्ट्रात सोलापूर हे बिडी वळणाऱ्या बायकांचे शहर. कोल्हापूरच्या सीमेला लागून असलेल्या बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीत तंबाखूच्या वखारी. तिथे पान कुटायचे आणि चाळायचे काम बायकांचे, आणि धूळही त्यांच्याच वाट्याची. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी भावासाठी निपाणीत मोठे आंदोलन केले. वखारीतल्या बायकांच्या संघटनेवर छाया दातार यांचे इंग्रजी पुस्तक १९८९ मध्ये आले. भाव आणि मजुरी यांबद्दल आवाज उठला होता. रक्तातल्या गुणसूत्रांचे काय होते, याची तपासणी प्रयोगशाळेनेच करायची होती.

भिसे आणि आर. बी. गोवेकर, ए. एन. बागवे, मनोज महिमकर या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात बिडी कामगारांच्या लघवीत, गालाच्या आतून खरवडलेल्या पेशींत आणि रक्तपेशींत इजेच्या खुणा शोधल्या. लघवीत थायोईथर वाढलेले आढळले. विषारी पदार्थ शरीराने बांधून बाहेर टाकल्याची ती खूण. गालाच्या पेशी तपासण्याची रीत कॅनडातील हान्स स्टिच आणि मिरियम रोझिन यांनी रूढ केली होती. गुणसूत्र तुटले आणि वेळेत जोडले गेले नाही, तर विभाजनानंतर तो तुकडा मुख्य केंद्रकाबाहेर छोट्या ठिपक्यासारखा राहून जातो. सूक्ष्मदर्शकाखाली असे ठिपके मोजता येतात. १९९५ मध्ये महिमकर आणि भिसे यांनी प्रसिद्ध केले की तंबाखूवर प्रक्रिया करणाऱ्या कामगारांत गुणसूत्रांची मोडतोड वाढलेली आहे. न जुळलेला प्रत्येक ठिपका म्हणजे दुरुस्तीच्या हातून निसटलेली एक जखम. इजा आणि दुरुस्ती यांच्यातली तूट आता मोजता येऊ लागली होती.

कृष्णाकाठी रुग्ण होते, आणि वैद्यकाची परंपराही जुनी होती. कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले. रेल्वेचे जंक्शन असल्यामुळे दूरदूरचे रुग्ण तिथे उतरत, आणि मिरज शस्त्रक्रियेचे गाव म्हणून दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ओळखले जाऊ लागले. १९६२ मध्ये तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले. पुढे मिरजेत कर्करोगाची स्वतंत्र रुग्णालयेही उभी राहिली. कराडला जयवंतराव भोसले यांच्या पुढाकाराने कृष्णा रुग्णालय आणि १९८४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सातारा-सांगलीच्या खेड्यांतून तोंडाचा, गर्भाशयमुखाचा, स्तनाचा कर्करोग घेऊन येणारी माणसे इथल्या बाह्यरुग्ण विभागात येऊ लागली. परळला जाऊन धर्मशाळेत राहणे न परवडणाऱ्यांसाठी ही फार मोठी सोय होती.

कराडच्या संस्थेतील रेण्वीय जीवशास्त्र आणि अनुवंशशास्त्र विभागात कैलास दातखिळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० नंतरच्या दशकात याच रुग्णांच्या रक्तातून दुरुस्तीच्या जनुकांचा अभ्यास सुरू केला. एक्सआरसीसी-१, २ आणि ३, तसेच विषे निष्प्रभ करणाऱ्या आणि त्यांचे रूपांतर करणाऱ्या प्रथिनांची जनुके त्यांनी तपासली. तोंडाचा, गर्भाशयमुखाचा आणि स्तनाचा कर्करोग असलेल्या रुग्णांची त्याच भागातल्या निरोगी माणसांशी तुलना केली. प्रश्न साधा आहे. एकाच घरात दोन जावा, दोघी मिश्री लावतात. एकीला गाठ होते, दुसरीला म्हातारपणापर्यंत काही होत नाही. हा फरक त्यांच्या जन्मजात दुरुस्ती-यंत्रणेत आहे का?

तपासण्याची रीतही समजायला सोपी आहे. एक्सआरसीसी-१ प्रथिनाच्या ३९९ व्या जागी काहींत आर्जिनिन असते, काहींत ग्लुटामिन. जनुकातल्या एका अक्षराच्या बदलाने हा फरक पडतो. रक्तातून डीएनए काढायचा, त्या जागेभोवतीचा तुकडा पीसीआर यंत्रात लाखो पटींनी वाढवायचा आणि मग त्यावर ठरावीक अक्षरक्रमच कापणारे जिवाणूचे विकर सोडायचे. आर्जिनिनचा क्रम असेल तर ते कापते, ग्लुटामिनचा असेल तर कापत नाही. जेलवर तुकडे लांबीनुसार वेगळे झाले की पट्ट्यांवरून कोणाला काय मिळाले ते वाचता येते. आई आणि वडील या दोघांकडूनही एकेक प्रत आलेली असते, म्हणून पट्ट्यांचे तीन नमुने पडतात. यासाठी अवाढव्य यंत्रसामग्री लागत नाही. काळजीपूर्वक काम करणारे हात आणि रुग्णांची नीट घेतलेली माहिती लागते. म्हणूनच हे काम तालुक्याच्या गावी होऊ शकले.

अशा अभ्यासांचे वजन नेमके किती, हे सांगणे गरजेचे आहे. एका अक्षराच्या या फरकांनी धोका थोडाच हलतो. ३९९ व्या जागेच्या फरकावर जगभर शेकड्यांनी लेख निघाले आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत: एका लोकसमूहात धोका वाढलेला दिसतो, दुसऱ्यात काहीच दिसत नाही. रुग्णांची संख्या कमी असली तर योगायोगही निष्कर्षासारखा भासतो. या तपासणीवरून एखादीला 'तुला होईल' किंवा 'तुला होणार नाही' असे सांगता येत नाही. तरीही कराडच्या कामाचे महत्त्व उरते. युरोपातल्या आणि चीनमधल्या माणसांवर बेतलेली आकडेवारी कृष्णाकाठच्या शेतमजूर बाईला जशीच्या तशी लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही. तिची नोंद व्हायची तर तिच्याच भागात व्हायला हवी.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात चित्र थोडे निराळे आहे. तिथे मूळ कारण पॅपिलोमा विषाणू. तो पी-५३ हे प्रथिन नष्ट करवतो. डीएनए बिघडल्यावर पेशीचे विभाजन थांबवून दुरुस्तीला वेळ देणे, आणि दुरुस्ती शक्य नसेल तर पेशीला मरायला लावणे, हे पी-५३ चे काम. ते गेले की बिघडलेली पेशीही वाढतच राहते. या विषाणूची चाचणी गावपातळीवर किती उपयोगी ठरते, याचा जगभर गाजलेला पुरावा महाराष्ट्रातूनच आला. धाराशिव जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांच्या अभ्यासात एकदाच केलेल्या विषाणू चाचणीनेही मृत्यू घटल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी जिथे सुरू झाली, त्या बार्शीच्या रुग्णालयाचा त्यात मोठा वाटा होता.

तोंडाच्या कर्करोगातही पी-५३ चेच जनुक सर्वाधिक वेळा बिघडलेले आढळते. आंतरराष्ट्रीय कर्करोग जनुकसंच प्रकल्पात भारताने आपला वाटा म्हणून गाल आणि हिरडीचा कर्करोग निवडला. कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकसंच संस्था आणि खारघरचे 'अ‍ॅक्ट्रेक' यांच्या पथकाने ११० रुग्णांच्या गाठींचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. खारघरची ही संस्था म्हणजे परळच्या कर्करोग संशोधन संस्थेचेच नव्या शतकातले रूप. पी-५३ खेरीज फॅट-१, कॅस्पेज-८, एचरास, नॉच-१ ही जनुके वारंवार बिघडलेली निघाली, आणि आधी या रोगाशी न जोडलेली काही नवी जनुकेही सापडली. परळला १९४४ मध्ये खानोलकरांनी मोजलेल्या हिरड्या-गालांच्या गाठी आता अक्षराअक्षराने वाचल्या जात होत्या.

दुरुस्तीचे ज्ञान उपचारातही उतरले आहे, आणि तिथे तिची बाजू बदलते. मिरज-कराडच्या रुग्णालयांत दिले जाणारे किरणोपचार गाठीतल्या पेशींचा डीएनए तोडतात. सिस्प्लाटिन हे औषध त्याच्या अक्षरांना एकमेकांशी जखडून टाकते. गाठीतल्या पेशी हे नुकसान किती लवकर भरून काढतात, त्यावर उपचाराचे यश बरेचसे ठरते. निरोगी पेशीला वाचवणारी यंत्रणा इथे रोगाच्या पेशीलाही वाचवू पाहते. २००५ मध्ये इंग्लंडमधल्या दोन गटांनी यावर एक युक्ती दाखवली. ज्या गाठीत बीआरसीए हे दुरुस्तीचे जनुक आधीच बंद पडले आहे, तिथे पार्प हे दुरुस्तीचे दुसरे प्रथिनही औषधाने बंद केले, तर गाठीला सावरायला वाट उरत नाही. शरीराच्या बाकीच्या पेशी मात्र आपल्या धड जनुकावर निभावून नेतात. या तत्त्वावरचे ओलापॅरिब हे औषध २०१४ मध्ये बीजाशयाच्या कर्करोगासाठी मान्य झाले. आनुवंशिक दोष असलेल्या स्तनाच्या आणि बीजाशयाच्या कर्करोगात त्याचा उपयोग होतो. तंबाखूने होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगावर अजून असा नेमका घाव सापडलेला नाही. तिथे शस्त्रक्रिया आणि किरणोपचार हेच मुख्य आधार आहेत.

तंबाखूवरचे कायदे या काळात कडक होत गेले. २००३ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि वेष्टनांवर इशारा छापणे आवश्यक झाले. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. घरी तव्यावर भाजलेल्या मिश्रीला वेष्टनच नसते, म्हणून इशारा तिच्यापर्यंत पोचत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीतही महाराष्ट्रातल्या जवळजवळ दर चौघांपैकी एक प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे दिसले. त्याच सुमारास सरकारने तिशीनंतरच्या सर्वांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी गावपातळीवर तपासणी करण्याचा कार्यक्रम आखला. त्यात आशा सेविका घरी येऊन प्रत्येकीला तंबाखूबद्दल विचारते. उपकेंद्रात आरोग्यसेविका बॅटरीच्या उजेडात गालाची आतली बाजू पाहते आणि पांढरा किंवा लाल चट्टा दिसला की बाईला मोठ्या रुग्णालयात पाठवते.